कंपनीच्या अहवालात बायकांचा मध्यक पगार कमी दिसतोय. पुढे काय विचारायचं, कुठे, आणि कुठले कागद घेऊन?

वर्षा_अंधेरी

नमस्कार. अंधेरी एमआयडीसीतल्या एका लिस्टेड कंपनीतल्या काही जणींच्या वतीने विचारते आहे. नाव देत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका. मूळ कंपनी जर्मन आहे. वार्षिक अहवालासोबतच्या बीआरएसआरमध्ये (कंपनीच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालात) पुरुष आणि महिला कर्मचाऱ्यांचे मध्यक पगार, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारे पगार, छापलेत, आणि महिलांचा बराच खाली आहे. एचआरचं उत्तर एका ओळीचं: समान ग्रेडला समान पगार आहे, बाकी माहिती गोपनीय. नेमणूकपत्रात आपला पगार कुणाला सांगायचा नाही असं कलम आहे.

विचारायचं ते असं. या एका आकड्यावरून कायदा मोडला असं म्हणता येतं का? ते गोपनीयतेचं कलम कितपत टिकतं? तक्रार करायची तर मुंबईत कुठे आणि सोबत काय जोडायचं? आणि युरोपात पगार-पारदर्शकतेचा जो नवा कायदा आलाय, त्याचा इथे काही उपयोग होतो का?

---

पगारपत्रक_ठाणे

वर्षाताई, आधी आकडा काय सांगतो ते बघू, कारण इथेच एचआर सुटून जातं.

समजा दोनच ग्रेड आहेत. खालच्या ग्रेडला महिना ३०,००० आणि वरच्याला ६०,०००. खाली सहा बायका नि दोन पुरुष, वर दोन बायका नि सहा पुरुष. ग्रेडच्या आत एका पैशाचाही फरक नाही. तरी बायकांचा मध्यक ३०,००० येतो आणि पुरुषांचा ६०,०००. म्हणजे एचआर खरं बोलत असेल आणि अहवालातला आकडाही खरा असेल, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. अशा वेळी भांडण पगाराचं नसून बढतीचं आणि भरतीचं असतं. उलटंही होतं: एकूण मध्यक जवळजवळ सारखे, पण प्रत्येक ग्रेडच्या आत बाई मागे. म्हणून एकट्या मध्यकावरून कायदा मोडला असं म्हणता येत नाही, आणि मोडला नाही असंही म्हणता येत नाही.

बीआरएसआरमध्ये याहून जास्त माहिती असते, फक्त ती विखुरलेली असते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा केला. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर तो मिळतो, कुणाची परवानगी लागत नाही. त्यात या जागा बघा:

विभाग अ मध्ये कायम आणि कायम नसलेले कर्मचारी, स्त्री-पुरुष वेगळे. त्याच विभागात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, तेही स्त्री-पुरुष वेगळं, मागच्या वर्षांसह. तत्त्व ३ मध्ये बाळंतपणाच्या किंवा पालकत्वाच्या रजेनंतर किती जण परत आले आणि किती टिकले. तत्त्व ५ मध्ये मध्यक पगाराचा तक्ता: संचालक मंडळ, प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती, इतर कर्मचारी आणि कामगार अशा वेगळ्या ओळी. "कर्मचारी" आणि "कामगार" या ओळी एकत्र करू नका. आणि एकूण वेतनखर्चातला महिलांचा टक्का.

हा शेवटचा टक्का फार कामाचा आहे. उदाहरण घ्या: संख्येत बायका ३० टक्के आणि वेतनखर्चात २४ टक्के. २४ भागिले ३० म्हणजे ०.८०. पुरुषांचे ७६ भागिले ७० म्हणजे १.०८६. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.७४ येतो. सरासरी पुरुषाला रुपया तर सरासरी बाईला ७४ पैसे. मध्यकाशेजारी हा आकडा ठेवला की फरक वरच्या मोजक्या जागांमुळे आहे की सगळीकडे पसरलेला आहे याचा अंदाज येतो. मात्र संख्या ३१ मार्चची असते आणि वेतन वर्षभराचं. त्या वर्षी बायकांची भरती शेवटच्या तिमाहीत झाली असेल तर फरक आहे त्याहून मोठा दिसतो. निदान दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढा.

आणि एकमेकींच्या पगाराची तुलना करताना हातात येणारी रक्कम अजिबात धरू नका. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषाला मात्र १०,००० च्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. म्हणजे २४,००० च्या त्याच पगारावर बाईच्या हातात जास्त पडतात आणि एचआर तेच दाखवतं. शिवाय एकाचा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो, दुसऱ्याचा १,८०० वर थांबवलेला असतो. करप्रणाली जुनी की नवी हेही आहेच. सीटीसीही (कंपनीने सांगितलेला तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) नको, कारण त्यात मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद (बेसिकच्या ४.८१ टक्के), विम्याचा हप्ता आणि कधीच पूर्ण न मिळणारा व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) शंभर टक्के धरून मोजलेला असतो. पगारपत्रकाची डावी बाजू घ्या, कपातीच्या आधीची.

---

ॲड_माटुंगा

वरच्या उत्तरातली शेवटची सूचना कायद्याशी जुळते, पण थोडी अजून काटेकोर हवी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. १९७६चा समान वेतनाचा कायदा तिच्यात विलीन झाला. त्याआधीच्या महिन्यांचं मागणं असेल तर १९७६चा कायदा वाचावा लागेल, तत्त्व तेच आहे. संहितेचं कलम ३ सांगतं की एकाच मालकाकडे, एका आस्थापनेत किंवा तिच्या एखाद्या युनिटमध्ये, तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम करणाऱ्यांमध्ये लिंगावरून वेतनात भेद करता येणार नाही. भरतीत आणि नोकरीच्या अटींतही नाही. आणि बरोबरी आणायची म्हणून कुणाचाही पगार खाली आणता येत नाही. हे सहकारी पुरुषांना आवर्जून सांगा. आपला पगार कापला जाईल या भीतीने ते गप्प बसतात.

"तशाच स्वरूपाचं काम" ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी बघतात, कामाची परिस्थिती सारखी असावी लागते, आणि जे बारीक फरक असतील ते व्यवहारात महत्त्वाचे नसावेत. पदाचं नाव काय आहे याला महत्त्व नाही. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा हा १९८७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुंबईतलाच आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या महिला स्टेनोग्राफर आणि पुरुष स्टेनोग्राफर यांच्या वेतनातला फरक कंपनीने युनियनबरोबरच्या कराराचा आधार देऊन टिकवायचा प्रयत्न केला. न्यायालयाने कामाकडे ढोबळमानाने बघायला सांगितलं, करार ही सबब मानली नाही, आणि कंपनीची आर्थिक ऐपत नाही हे कारणही मानलं नाही. एचआर "बजेट नाही" म्हणालं तर हा निकाल तोंडपाठ असू द्या.

तुलनेसाठी वेतन म्हणजे काय? एरवी संहितेच्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम हे वेतनाबाहेर आहेत. पण समान वेतनाचा प्रश्न असेल तेव्हा हे भत्ते धरायचे असं त्याच व्याख्येत लिहिलं आहे. बेसिक सारखं ठेवून फरक भत्त्यांत लपवायची जुनी युक्ती त्यामुळे चालत नाही. बोनस आणि कमिशन मात्र या बेरजेत येत नाहीत. सेल्समधल्या बायकांची अडचण तिथेच आहे: फरक कमिशनमध्ये असतो, आणि कमिशनमध्ये असतो कारण चांगलं क्षेत्र त्यांना दिलेलं नसतं. तिथे वेतनाऐवजी नोकरीच्या अटींतल्या भेदभावाचा मुद्दा मांडावा लागतो.

गोपनीयतेचं कलम. पगार सांगू नका असं लिहून घेण्याला भारतात सरसकट बंदी नाही. पण कायदेशीर मार्ग वापरण्यापासून अडवणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे निरर्थक ठरतो. म्हणजे स्वतःचं पगारपत्रक तुम्ही वकिलाला दाखवू शकता आणि प्राधिकाऱ्यासमोर अर्जाला जोडू शकता. सहकाऱ्याने स्वतःहून त्याचा पगार सांगितला तर तो ऐकण्यातही गैर नाही. पण पेरोल सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याचा पगार काढणं, स्क्रीनशॉट घेणं, चुकून आलेली शीट पुढे पाठवणं अजिबात करू नका. मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि शिस्तभंगाची चौकशी तुमच्यावरच सुरू होते.

दुसऱ्याचा पगार न विचारताही एक गोष्ट मागता येते. कलम ५० नुसार मालकाने सूचनाफलकावर संहितेचा गोषवारा, प्रवर्गनिहाय वेतनदर, पगाराची तारीख आणि निरीक्षक तथा सुविधाकाराचं नाव-पत्ता लावायचा असतो. बहुतेक कॉर्पोरेट ऑफिसांत फलकावर अग्निशमनाचा नकाशा असतो, हे नसतं. प्रवर्गनिहाय वेतनदर कुठे लावलेत असं ईमेलवर विचारा. उत्तर आलं तर माहिती मिळाली. नाही आलं तर उल्लंघन कागदावर आलं.

दाव्याचं कलम ४५. मुदत तीन वर्षं. अर्ज कर्मचारी करू शकतो, ती ज्या नोंदणीकृत युनियनची सभासद आहे ती युनियन करू शकते, किंवा निरीक्षक. एकाच आस्थापनेतल्या अनेकींचा मिळून एक अर्ज चालतो, आणि तोच करा, म्हणजे एकटी कुणी निशाण्यावर येत नाही. थकबाकीवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. कमी वेतनाचा दावा असेल तेव्हा देणं दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा, हे कलम ५९.

अर्ज अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. काम सारखं आहे की नाही हा वाद कलम ४ खाली ठरतो, त्यासाठी सरकारने अधिसूचित केलेला प्राधिकारी असतो. नुसती थकबाकी मागितली की कंपनी पहिल्याच तारखेला "काम वेगळं आहे" म्हणते आणि प्रकरण तिथेच थांबतं. म्हणून काम समान असल्याचं ठरवून मिळावं ही मागणी अर्जात वेगळी, स्वतःच्या परिच्छेदात लिहा, आणि पुरावे तिच्यासाठी जोडा. जॉब डिस्क्रिप्शन, दोघांची केआरए (ठरवून दिलेली कामं आणि जबाबदाऱ्या), एकाच क्लायंटवर दोघांनी आलटून पालटून केलेलं काम दाखवणाऱ्या ईमेल, रजेवर असताना एकमेकांचा चार्ज घेतल्याच्या नोंदी. चार्ज घेतल्याची नोंद ही सगळ्यात भक्कम. तो नसताना त्याचं काम ती करते, कुणी वेगळं प्रशिक्षण दिलेलं नाही, मग काम वेगळं कसं?

---

परळचा_कार्यकर्ता

पत्ता मी सांगतो. खासगी कंपनी म्हणजे राज्याचं कार्यक्षेत्र, कामगार आयुक्तांचं कार्यालय, कामगार भवन, वांद्रे-कुर्ला संकुल. बँक, विमा, रेल्वे, मोठी बंदरं, विमानसेवा, दूरसंचार यांचा मामला केंद्राकडे जातो, त्यासाठी सायनला केंद्रीय कामगार आयुक्तालय. चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज महिनोन् महिने पडून राहतो, म्हणून आधी हे ठरवा. दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

वकीलसाहेबांनी "एकाच मालकाकडे" म्हटलं, त्यावर थोडं थांबतो, कारण मुंबईतल्या हजारो बायका तिथेच कायद्याच्या बाहेर राहतात. मशीनवरचा पुरुष कंपनीच्या पटावर आणि पॅकिंगवरची बाई ठेकेदाराच्या पटावर. मालक दोन. कलम ३ तुलना सुरूच होऊ देत नाही. तुमच्याकडे विभाग अ मधला "कायम नसलेले" हा रकाना बघा. त्यात बायकांचं प्रमाण कायम रकान्यापेक्षा जास्त असेल तर खरा फरक छापलेल्या मध्यकापेक्षा मोठा आहे, कारण ठेकेदाराकडच्या बायका त्या मध्यकात सहसा धरलेल्याच नसतात.

आणि जिथे फक्त बायकाच काम करतात तिथे तर तुलनेला पुरुषच नाही. गिरणगावात साचेखात्यात पुरुष आणि वाइंडिंग-रीलिंगमध्ये बायका अशी वाटणीच होती. काम वेगळं, म्हणून दर वेगळा, म्हणून भेदभाव नाही. आज आशा आणि अंगणवाडी सेविकांचं तेच आहे, त्यांना तर पगार न म्हणता मानधन दिलं जातं. भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०० क्रमांकाचा करार १९५८ साली मान्य केला. तो समान मूल्याच्या कामाला समान वेतन मागतो. आपली संहिता समान स्वरूपाच्या कामापाशीच थांबते. याबद्दल संघटनांनी जेवढा आवाज उठवायला हवा तेवढा उठवलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

ग्रेडबँड

युरोपचा प्रश्न. युरोपीय संघाचा निर्देश २०२३/९७०, सदस्य देशांनी तो आपल्या कायद्यात आणायची मुदत ७ जून २०२६. त्यात उमेदवाराला मुलाखतीआधी पगार किंवा पगाराची रेंज सांगायची, आधीचा पगार विचारायचा नाही, पगार उघड करायला बंदी करायची नाही, आणि तेच किंवा समान मूल्याचं काम करणाऱ्यांचा सरासरी पगार स्त्री-पुरुष वेगळा करून कर्मचाऱ्याने मागितला तर द्यायचा. १०० किंवा जास्त कर्मचारी असतील तर टप्प्याटप्प्याने अहवाल. एखाद्या गटात ५ टक्के किंवा जास्त फरक निघाला, त्याला तटस्थ कारण नसलं आणि सहा महिन्यांत तो दुरुस्त झाला नाही, तर कर्मचारी-प्रतिनिधींसोबत बसून संयुक्त वेतन-मूल्यांकन करावं लागतं.

अंधेरीच्या ऑफिसला हे लागू नाही. पण जर्मन कंपनीला हे करायचं म्हणजे सगळ्या पदांची श्रेणीरचना लिहून काढावी लागते, आणि मोठ्या कंपन्यांत ती जगभर एकच असते. म्हणून "आमचा ग्रेड जागतिक रचनेत कुठे बसतो आणि त्या ग्रेडचा भारतातला पगारपट्टा काय" हा प्रश्न आता वाजवी आहे.

त्यापुढची मागणी अशी करा की गोपनीयतेचं कारण देताच येणार नाही. प्रत्येक ग्रेडचा सरासरी कंपा-रेशो, स्त्री-पुरुष वेगळा. पगाराला पट्ट्याच्या मध्यबिंदूने भागलं की कंपा-रेशो मिळतो. पट्ट्याचा मध्य १२ लाख आणि पगार १०.२ लाख, तर ०.८५. यात कुणाचाच पगार उघड होत नाही, आणि "समान ग्रेडला समान पगार" हा दावा तपासता येतो. एकाच ग्रेडचा पट्टा इतका रुंद असतो की एक टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला असूनही ग्रेड समानच म्हणतात. गटात तीन-चारच बायका असतील तर सरासरीवर विसंबू नका, एकेक जोडी घेऊन बघा.

फरक सुरू होतो तो बहुतेकदा भरतीच्या दिवशी. मागच्या तीन महिन्यांचं पगारपत्रक मागायचं आणि त्यावर टक्केवारी द्यायची ही आपल्याकडची पद्धत. एक ६ लाखांवरून येतो, एक ५ लाखांवरून, दोघांना ३० टक्के. तो ७.८, ती ६.५. एक लाखाचा फरक पहिल्याच दिवशी एक लाख तीस हजार झाला, काम दोघांचं तेच. दुसरी गळती बाळंतपणाच्या रजेच्या वर्षी. २६ आठवडे रजा झाली की अप्रेझलमध्ये न बघताच मधलं रेटिंग टाकतात, वाढ कमी मिळते, आणि त्या कमी झालेल्या पायावर पुढच्या प्रत्येक वर्षाची टक्केवारी बसते. रजेच्या वर्षाआधीचं आणि नंतरचं रेटिंग, तिन्ही पत्रं शेजारी लावा. फार बोलका पुरावा असतो.

पारदर्शकतेनं सगळं सुटेल असं मात्र धरू नका. डेन्मार्कच्या २००६च्या कायद्यानंतर अभ्यासकांना दिसलं की फरक कमी झाला, पण तो मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. म्हणून नुसता अहवाल मागू नका. कमी कंपा-रेशो असलेल्यांसाठी वेगळा दुरुस्ती निधी मागा, नेहमीच्या वार्षिक वाढीच्या बाहेरचा.

---

किरण_चर्नीरोड

पगाराचा कुठला तुकडा समान केला हे विचारायची सवय लावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट बोर्डाने महिला-पुरुषांची मॅच फी समान केली: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-२० ला ३. चांगलाच निर्णय. पण २०२४-२५च्या वार्षिक करारांत पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची होती आणि महिलांची ५० लाखांची. शिवाय मॅच फी सामन्यांच्या संख्येवर मिळते, आणि महिलांचे कसोटी सामने मोजकेच होतात. तुमच्याकडेही दर समान आणि संधी असमान असं आहे का, तेवढं बघा.

---

वर्षा_अंधेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. फलकाबद्दलचा ईमेल आणि कंपा-रेशोची मागणी एकत्रच पाठवतो. एक राहिलं: आमच्यातल्या दोघी मॅनेजर आहेत. "मॅनेजरला कामगार कायदे लागू नाहीत" असं त्यांना सांगितलं गेलंय.

---

ॲड_माटुंगा

दोन्ही एकाच ईमेलमध्ये नको. फलक ही कायद्याची जबाबदारी आहे, कंपा-रेशो ही विनंती. एकत्र पाठवलंत तर विनंतीला नकार देऊन दोन्हींना उत्तर दिल्यासारखं करतील. फलकाचा ईमेल आधी जाऊ द्या.

मॅनेजरबद्दल त्यांना चुकीचं सांगितलंय. जुन्या औद्योगिक विवादाच्या कायद्यात कामगाराची व्याख्या अरुंद होती, तिथून हा समज आला. वेतन संहितेत "कर्मचारी" या व्याख्येत पर्यवेक्षी, व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारेही येतात, आणि कलम ३ कर्मचाऱ्यांबद्दल आहे. त्या दोघी त्याच संयुक्त अर्जात येऊ शकतात. फक्त तुलनेचा पुरुष सहकारी प्रत्येकीसाठी वेगळा दाखवा, आणि प्रत्येकीचा फरक कुठल्या महिन्यापासून आहे ते तिच्या नावापुढे लिहा, कारण तीन वर्षांची मुदत तिथूनच मोजतात.